बारा दिले, तेरा आले

२ मार्च

ताई,

तू फोनवर माझा नंबर बंद करून ठेवलंयस, म्हणून पत्र लिहितोय. तशीही ही गोष्ट फोनवर बोलायची नाही, मेलवर तर नाहीच. कागदावरच हवी. म्हणजे तुझ्या रागाचा मला एकदाचा उपयोग झाला म्हणायचा.

कामाचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी स्टेशनवर मी तुझ्या हातात एक बंद पाकीट दिलं होतं. आत एका कागदावर बारा इंग्रजी शब्द होते, एकाखाली एक. मी तुला म्हटलं होतं की यातलं एक अक्षर बदलायचं नाही, क्रम बदलायचा नाही, फोटो काढायचा नाही, कुणाला दाखवायचं नाही. तू म्हणालीस, "मंत्रबिंत्र घेतलास की काय?" आणि पर्समध्ये टाकलंस. तो कागद मला हवाय.

कशाला ते आता सांगायलाच लागणार. माझी सगळी शिल्लक क्रिप्टोमध्ये आहे. हो, सगळी. आडनावातल्या एका अक्षरापायी बँकेनं मला चौदा महिने नाचवलं तेव्हा तू म्हणाली होतीस की अक्षर म्हणजे अक्षर, त्यांचं बरोबर आहे. त्यानंतर मी ठरवलं, माझ्या पैशावर दुसऱ्या कुणाची सही नको. हे पैसे एका छोट्या यंत्रातून उघडतात. अंगठ्याएवढं असतं. ते बिघडलं तर हे बारा शब्द नव्या यंत्रात त्याच क्रमानं घालायचे, की सगळं परत मिळतं. शब्द नसतील तर जगात कुणीही काही करू शकत नाही. हेल्पलाइन नाही, मॅनेजर नाही, अर्ज नाही.

यंत्र बिघडलं. माझी प्रत मी आमच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातल्या भिंतीवरच्या एका घड्याळाच्या पाठीत चिकटवली होती. कुणी त्या घड्याळाकडे एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मागच्या महिन्यात मी दातांच्या डॉक्टरकडे गेलो असताना मालकांनी ते विकलं. गिऱ्हाईक कोण, त्यांना आठवत नाही.

आणि मालक दुकान सोडतायत. त्यांचे डोळे गेले आता, भिंग लावूनही स्क्रू दिसत नाही. ते म्हणाले, तू घेतलंस तर तुला, नाहीतर शेजारचा मोबाईलची कव्हरं विकणारा मागतोच आहे. २० एप्रिलपर्यंत थांबतील. ज्या टेबलावर मी एकोणीस वर्षं मान मोडून बसलोय तिथे कव्हरं टांगलेली बघायची माझी तयारी नाही.

तो कागद जसाच्या तसा पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

काट्या


६ मार्च

काट्या,

बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल म्हणतोस, म्हणून मुद्दाम लिहिते.

यंत्र "बिघडलं" हे तू फार सफाईनं लिहिलंयस. आपोआप? मी तुला जन्मापासून ओळखते. आठ वर्षांचा असताना घरातलं गजराचं घड्याळ उघडून त्याचा काटा हरवलास, त्यावरून तर तुझं नाव पडलं. तू ते यंत्र उघडलंस ना?

दुसरं म्हणजे, सगळी शिल्लक अशा ठिकाणी ठेवताना मला विचारावंसं वाटलं नाही, आणि पडल्यावर मात्र ताई आठवली. गेलं वर्षभर मी सरकारी आणि औषधांच्या कागदांबरोबर याच विषयाचे कागद भाषांतरित करते आहे, हे तुला माहीत नसेल. तू माझ्या कामाची चौकशी कधी केलीस? सोबत पत्रक जोडलं आहे: "आभासी चलनविषयक जनजागृती". मराठी माझं आहे. चाळीस हजार प्रती छापल्या, प्रत्येक टपाल कचेरीत ठेवल्यात. त्यातली एकही तुझ्या हाती पडली नाही, किंवा पडली आणि तू तिला घड्याळाचं तेल पुसलंस. वाच. बारा कलमं आहेत.

तुझे शब्द सुरक्षित आहेत. नीट ठेवलेत, त्यामुळे काढायला थोडा वेळ लागेल.

ताई


१० मार्च

ताई,

हो, उघडलं. बटण अडकत होतं. साफ केलं, परत बसवलं, तर एकदा दाबलं की दोनदा लागायला लागलं. उघडायचा गुप्त आकडा तीनदा चुकला आणि यंत्रानं स्वतःला कोरं करून टाकलं. झालं समाधान? माझ्या हातून काही मोडलं हे कळल्यावर तुला जे सुख होतं ते आणखी कशानं होत नसेल.

तुझं पत्रक वाचलं. म्हणजे वाचायला बसलो. "कूटशब्दसमुच्चयाच्या पुनःप्राप्तीची हमी देणाऱ्या त्रयस्थ सेवाप्रदात्यांशी संव्यवहार टाळावा." हे कलम सात. तीनदा वाचलं. मला वाटलं नळ तोडायची नोटीस आली. मालकांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "कोण वारलं?" तू ही जागृती कुणाची केलीस ताई? माझ्याकडे येणारी भाजीवाली क्रिप्टो घेते, शाळेतला शिपाई घेतो, समोरचा न्हावी गिऱ्हाइकाची दाढी करता करता भाव सांगतो. त्यांच्यातल्या एकाला तरी यातली एक ओळ कळेल का? चाळीस हजार प्रतींवर चाळीस हजार लोक भजी खातील, एवढंच.

"काढायला वेळ लागेल" म्हणजे काय? बारा शब्दांचा कागद आहे, विहिरीतला गाळ नाही. पाठव.

काट्या


१४ मार्च

काट्या,

पत्रकाची भाषा मी ठरवत नाही. "शब्द" लिहिलं तर कार्यालय "कूटशब्द" करून आणायला सांगतं. ही सबब नाही, वस्तुस्थिती आहे. तुझ्या न्हाव्यासाठी मला कुणी पैसे देत नाही.

आता नीट वाच आणि लगेच आदळआपट करू नकोस.

तू दिलेला कागद मी फाडला. ज्या दिवशी घरी आले त्याच दिवशी. तू म्हणालास कुणाच्या हाती लागता कामा नये, आणि माझ्याकडे टायपिंगला बाई येते, प्रूफं न्यायला माणूस येतो, टेबलावरचा प्रत्येक कागद चार हातांतून जातो. म्हणून मी विचार केला, हे शब्द मराठीत लपवावेत. चोराला इंग्रजी शब्दांची यादी ओळखू येईल, एखादं साधं मराठी वाक्य कोण उचलेल? ते वाक्य मी माझ्या शब्दकोशाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं. ते असं:

"सकाळी म्हातारा मामा लिंबू घेऊन मुक्या नदीच्या वाटेने गेला, पत्र विसरला, खिडकी हसली."

घे. दोन वर्षांत एक मात्रासुद्धा हललेली नाही. आता याचं इंग्रजी कर, की झालं तुझं काम.

ताई


१८ मार्च

ताई,

मी ते वाक्य पहिल्यांदा वाचलं आणि मला वाटलं पाकिटात चुकून भलतंच आलं. दुसऱ्यांदा वाचलं आणि पेन्सिल घेऊन बसलो.

मोजलेस का शब्द? मी मोजले. तेरा आहेत. बारा दिले, तेरा परत आले! व्याज लावलंस का?

तुला एकच गोष्ट सांगितली होती. एक अक्षर बदलू नकोस. क्रम बदलू नकोस. पोपटाला सांगितलं असतं तर त्यानंही केलं असतं. पण तुला ते जमायचं नाही. समोर काहीही आलं की तू ते नीटनेटकं करणार, गोड करणार, तुझ्या मापाचं करून घेणार. "म्हातारा" म्हणजे काय लिहू? ओल्ड? सिनियर? एल्डर? तिन्ही त्या यादीत आहेत, मी पाहिलं. वाट म्हणजे पाथ, रोड, स्ट्रीट की रूट? यादी दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांची आहे आणि एक चुकला तरी दार उघडत नाही. नुसता क्रम चुकला तरी चालत नाही.

आणि हे पहिल्यांदा नाही. बाबांच्या वेळीही तूच मध्ये होतीस. त्यांना डॉक्टरांची भाषा येत नव्हती, मी कामावर होतो. डॉक्टर म्हणाले तीन महिने. तू बाबांना सांगितलंस, "थोडा वेळ लागेल म्हणतायत." ते वेळ लागेल म्हणून वाट बघत बसले. मला बोलावूनसुद्धा घेतलं नाही, म्हणाले, बरा झालो की मीच जातो त्याच्याकडे. तू बाबांना फसवलंस ताई. शेवटच्या दिवसापर्यंत फसवलंस आणि त्याला भाषांतर म्हणालीस.

आता मला सांग, या तेरातला तुझा कुठला?

काट्या


२४ मार्च

काट्या,

"गेला" माझा आहे. मराठीत माणूस लिंबू घेऊन नुसता वाटेने नसतो, तो कुठेतरी जातो. बाकी बारा तुझे.

तू लिहिलेलं दुसरं वाक्य, बाबांबद्दलचं, ते मी दोनदा वाचलं आणि त्यानंतर दोन दिवस काम केलं नाही. त्या खोलीत तू नव्हतास. तू कामावर होतास, हे तूच लिहितोस. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. डॉक्टर त्यांच्याकडे बघत नव्हते, फायलीत बघत होते. तुला जे सांगायला हवं होतं ते तू येऊन सांगायचं होतंस. तू "फसवलंस" हा शब्द वापरलास. मी आयुष्यभर शब्दांचं वजन करते, तेव्हा तू तो निष्काळजीपणे वापरलास असं मी समजणार नाही. तो मागे घे.

तोपर्यंत कामाचं, कारण दुकानाशी माझं भांडण नाही. माझ्या सवयी मला माहीत आहेत, म्हणून यातलं बरंच परत काढता येईल. शक्यता मांडल्या आहेत:

मामा म्हणजे अंकल. इथे मला इंग्रजीत काका, मामा, आत्याचा नवरा सगळे एकाच पिशवीत मिळाले, मी मामा घेतला. परतीला अडचण नाही. लिंबू, नदी, खिडकी, सकाळ यांनाही नाही. घेऊन हे कॅरी असावं. मुकी म्हणजे सायलेंट. विसरला म्हणजे फर्गेट. पत्र हे लेटर, पण नोटही असू शकेल. हसली इथे गोची आहे: लाफ आणि स्माइल दोन्हीला मी "हसणे" लिहिते, स्मित करणारी माणसं मला आवडत नाहीत. वाट आणि म्हातारा तू म्हणतोस तसे. वाटेचं तर आणखी एक, "वेट" असेल आणि मी वाट पाहणे यातली वाट घेतली असेल तर? नाही, तसं मी करणार नाही. पण लिहून ठेवते.

क्रम. सकाळ मी पुढे आणली असणार, क्रियापदं मागे नेली असणार. इंग्रजीत क्रियापद आधी येतं. म्हणजे ओल्ड, अंकल, कॅरी, लेमन अशी सुरुवात. लिंबू चौथं.

ताई


२९ मार्च

आदरणीय ताईसाहेब,

आपलं कृपापत्र पोचलं. आपण शब्दांचं वजन करता हे कळलं. मीही वजन करूनच वापरला होता. मागे घेत नाही.

लिंबू तिसरं होतं. मी ते बारा शब्द स्वतःच्या हातानं लिहिले, तेव्हा दुकानात मालक लिंबू पिळत होते आणि मला हसू आलं होतं. वरून तिसरी ओळ. आपण त्या कागदाकडे पाच मिनिटं पाहिलंत आणि फाडलात, मी तो घड्याळात चिकटवण्याआधी दहा वेळा वाचला होता. पण आपल्या व्याकरणात माझ्या डोळ्यांना जागा नसेल तर तसं कळवावं.

आपण दिलेल्या शक्यता नव्या यंत्रात घालून पाहिल्या, लिंबू चौथं धरून. सोळा वेळा "चुकीचे शब्द" असं आलं. लिंबू तिसरं धरलं तर म्हातारा कुठे घालायचा ते मला कळत नाही, कारण म्हातारा मामाला चिकटलेला आहे. तो आपण चिकटवलात की मुळात होता?

मालकांनी दुकानाच्या दाराला रंग लावून घेतला. विकायच्या आधी दार चांगलं दिसावं म्हणून. कव्हरवाला रोज दुपारी येऊन आतल्या भिंती मापतो, मी कामात असलो तरी माझ्या खुर्चीमागून टेप धरतो. परवा म्हणाला, "साहेब, हे टेबल हलतं का?" टेबल जमिनीत बसवलेलं आहे. मी त्याला सांगितलं, हलत नाही. तो म्हणाला, "मग तोडावं लागेल."

उरले बावीस दिवस.

आपला आज्ञाधारक,
काट्या


१० एप्रिल

काट्या,

काम चालू आहे. पुढचं सांगण्याआधी मी मागितलं होतं ते मला मिळालेलं नाही. बाबांबद्दलचं ते वाक्य मागे घे. "ताई, चुकलो" एवढे दोन शब्द. त्यांचं भाषांतर करावं लागणार नाही.

ताई


१३ एप्रिल

ताई,

आज तुझं पत्र आलं. चार ओळींचं. पंधरा दिवस वाट बघून चार ओळी, आणि त्यातही मीच चुकलो.

नको. तुझी मदत नको. दुकान गेलं तरी चालेल, पण दोन शब्दांसाठी मला गुडघ्यावर आणायचा तुझा जो बेत आहे तो पुरा होऊ देणार नाही.

मी माणूस शोधला. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या ओळखीचा आहे. त्याचं कामच ते: लोकांचे शब्द हरवतात, अर्धे आठवतात, पुढेमागे होतात, हा ते शोधून देतो. कॉम्प्युटरवर लाखो जुळण्या करून बघतो. मी त्याला सगळं सांगितलं, तुझं वाक्य, तुझ्या शक्यता, लिंबू तिसरं. त्यानं ऐकून घेतलं. एकदाही म्हणाला नाही की असं का केलंत, तसं का केलंत. मी यंत्र उघडलं होतं हे सांगितल्यावर हसला आणि म्हणाला, "घड्याळवाले सगळे उघडतातच." फी काम झाल्यावर. आधी एक पैसाही मागितला नाही. म्हणाला, मराठीतून आलेलं आहे म्हणून थोडं किचकट, पण दोन दिवसांत होईल.

एका तासात त्याला माझं सगळं म्हणणं कळलं. तुला चाळीस वर्षांत कळलं नाही.

मीही तुझा नंबर बंद केलाय.

काट्या


१६ एप्रिल

काट्या,

तुझं पत्र आत्ता अकरा वाजता आलं. तुझा नंबर चालू करून सात वेळा फोन लावला. दुकानाचा फोनही उचलत नाहीत. जलद टपालानं हे पाठवते आहे, दोन दिवसांत मिळायला हवं.

तो माणूस चोर आहे. पत्रकातलं कलम सात तेच सांगतं. तुला कळलं नाही, तर साध्या भाषेत सांगते: हरवलेले शब्द शोधून देतो म्हणणारा ते स्वतःसाठी शोधतो. त्याला शब्द मिळाले की तुझे पैसे त्याचे. त्याला फीची गरजच नाही, म्हणून तो मागत नाही. त्याला आणखी एक अक्षरही सांगू नकोस.

शब्द सोबतच्या कागदावर आहेत. माझं कामाचं पान आहे ते, खाडाखोडीसकट, नवीन उतरवायला वेळ नव्हता. खाली चौकटीत घातलेले बारा शब्द वरून खाली त्याच क्रमानं घाल. लिंबू तिसरं आहे. तुझं बरोबर होतं. ओल्ड हा शब्द मुळात नदीच्या आधी होता, ओल्ड सायलेंट रिव्हर. पण "म्हातारी मुकी नदी" मला कानाला बरं वाटेना, म्हणून मी तो उचलून मामाला लावला होता. वाट म्हणजे पाथ. खिडकीचं स्माइल.

मिळताच घाल. मालक वीस तारखेपर्यंत थांबणार आहेत. पैसे असतील तिथेच असतील, त्याला इतक्यात जमलं नसेल.

ताई


१९ एप्रिल

ताई,

काल दुपारी मिळालं. टपालवाल्यानं कव्हरवाल्याच्या हातात दिलं, त्यानं टेपसकट माझ्याकडे आणून दिलं.

घातले बारा शब्द. पहिल्याच फटक्यात उघडलं. बरोबर होते. बाराही.

आत काही नाही. सगळं १५ तारखेला सकाळी बाहेर गेलंय. कुठे गेलं तेही दिसतं. हे असं आहे या क्रिप्टोचं, चोरी झाली की जगातल्या कुणालाही बघता येते, थांबवता येत नाही कुणाला. एक लांबलचक आकड्याअक्षरांचा पत्ता आहे, त्यावर गेलं. त्या माणसाचा फोन लागत नाही. ज्या गिऱ्हाइकानं ओळख करून दिली होती तो म्हणतो, माझी पण फक्त चहावरची ओळख. पोलिसात गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं की किती नोटा होत्या, आणि कपाट फोडलं होतं का.

त्यानं स्वतःला पुनःप्राप्ती सेवाप्रदाता म्हटलं असतं तर मी कदाचित पळालो असतो. तो म्हणाला, शब्द शोधून देतो. असो. तो माझा मूर्खपणा, तो मी तुझ्यावर ढकलणार नाही.

मालकांना आज सांगितलं. त्यांनी माझी चिमट्यांची पेटी स्वतःच्या हातानं बंद करून मला दिली. कव्हरवाला उद्या सही करतो. परवा टेबल तोडणार आहेत. मला त्यानं विचारलं, मोबाईलच्या काचा बसवायला येशील का. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आता एकच विचारायचं आहे. तुझं ते पान मी भिंगाखाली धरून वाचलं, सवय आहे. तू कुठलाही कागद लिहिलास की डाव्या कोपऱ्यात बारीक तारीख टाकतेस. या पानाच्या कोपऱ्यात आहे: "तिसरा खर्डा, ९ एप्रिल." खाली चौकटीत बारा शब्द, त्याच शाईनं.

तुझं चार ओळींचं पत्र १० तारखेचं आहे. ते मला १३ तारखेला मिळालं. त्यानंतर मी त्या माणसाकडे गेलो.

नऊ तारखेला तुला माहीत होतं का?

काट्या


२२ एप्रिल

काट्या,

हो.

नऊ तारखेला दुपारी चार वाजता शेवटचा शब्द बसला. कपाटातल्या जुन्या फोनवर त्यासाठीचं अ‍ॅप घेऊन ते बारा घालून पाहिले, यंत्राऐवजी तसंही चालतं. उघडलं. तुझं सगळं जागच्या जागी होतं. मी टायपिंगच्या बाईला हाक मारली आणि चहा पाजला, तिला कळलंही नाही कशाबद्दल. मग फोन पुसून कोरा केला, तुला लिहायला कागद घेतला, आणि वरच तुझं मार्चमधलं, बाबांबद्दलचं पत्र होतं. ते पुन्हा वाचलं. पान ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ते चार ओळींचं लिहिलं.

मला वाटलं तू दोन दिवस चिडशील, मग लिहिशील. तुला वीस तारखेची घाई आहे, म्हणजे लिहिशीलच. तुझ्या घाईवर मी भरवसा ठेवला. मला ते दोन शब्द तुझ्या दुकानापेक्षा जास्त हवे होते, असं आता दिसतं. त्या दिवशी तसं वाटलं नव्हतं. त्या दिवशी मला फक्त एवढंच वाटलं होतं की माझं बरोबर आहे.

तुझं दुकान त्या चोरानं नेलं नाही, मी नेलं. आता तू म्हणशील की मी हे गोड करून सांगते आहे, तर नाही. तू ज्या शब्दात लिहिशील त्या शब्दात मी ते मान्य करेन. काहीच लिहिलं नाहीस तरी चालेल. फोन चालू ठेवला आहे.

या पत्राच्या कोपऱ्यात तारखेशिवाय काही नाही. याचा खर्डा केलेला नाही.

ताई